आक्षेपांसह

1914 च्या मे महिन्यात केंब्रिजच्या एका विद्यार्थ्याची बी.ए.ची पदवी प्रस्तावनेवाचून अडली. त्याआधी थोडेच दिवस जी. ई. मूर त्याला भेटायला नॉर्वेला जाऊन आले होते. तिथे विद्यार्थी सांगत होता आणि शिक्षक उतरवून घेत होते, अशा उलट्या रीतीने तर्कशास्त्रावरचे एक टिपण तयार झाले होते. तेच पदवीच्या प्रबंधादाखल चालेल का, अशी विचारणा झाली. विद्यापीठाचा नियम आडवा आला. प्रबंधाला प्रस्तावना हवी. कोणता भाग कुठून घेतला आणि स्वतःचा किती, याच्या टिपाही हव्यात. मूर यांनी तसे कळवले. त्यावर लुडविग विटगेन्श्टाइन यांनी असे काही तिखट पत्र धाडले की दोघांमधले बोलणे 1929 पर्यंत तुटल्यासारखेच झाले. 1929 मध्ये विटगेन्श्टाइनना पीएच.डी. मिळाली ती आठ वर्षांपूर्वीच छापून झालेल्या ‘ट्रॅक्टेटस’वर, आणि परीक्षक होते रसेल व हेच मूर.

हा किस्सा सांगणारे बहुतेक जण विटगेन्श्टाइनच्या बाजूचे असतात. प्रतिभावंतासमोर कारकुनी नियम म्हणजे काय, असा त्यांचा सूर. माझे मत नियमाच्या बाजूने पडते. दुसऱ्याचे काय घेतले आणि स्वतःची भर काय, एवढे सांगायला लावणारा तो नियम पदवीच्या विद्यार्थ्यासाठी कारकुनी नाहीच. लेखनाचा निम्मा अभ्यास त्यातच आहे. विटगेन्श्टाइनना तो जाचक वाटला, कारण त्यांना ते आधीपासून पक्के ठाऊक होते. आपल्यापैकी बाकीच्यांना लिहिता लिहिताच कळते.

या संग्रहात महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या महाविद्यालयांतल्या बी.ए.च्या मुलामुलींनी लिहिलेले तत्त्वज्ञानाचे निबंध आहेत. निबंध संपला की त्यावर दुसऱ्या विद्यार्थ्याने घेतलेला आक्षेप छापला आहे, आणि त्याखाली मूळ लेखकाचे उत्तर. पुस्तकाची पाने त्यामुळे वाढली. एका हितचिंतकाने सुचवले की आक्षेप गाळा, निबंध जास्त बसतील. आक्षेप गाळायचे असते तर हे पुस्तकच काढले नसते. पदवीच्या वर्गातले लेखन छापायचे कशासाठी, याचे मला सापडलेले एकमेव उत्तर त्या आक्षेपांत आहे.

आपल्याकडे बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेला विद्यार्थी कमी लिहितो असे नाही. देकार्तची संशयपद्धती स्पष्ट करा, चार्वाकांनी अनुमानावर घेतलेले आक्षेप सांगून त्यांचे परीक्षण करा, टीपा लिहा कोणत्याही दोन. परीक्षण करायचे म्हणजे कोणते चार मुद्दे लिहायचे, तेही नोट्समध्ये तयार असते. हे सगळे लेखन वाचणारा माणूस एकच, आणि तोही गठ्ठ्यातली पंचेचाळिसावी उत्तरपत्रिका म्हणून ते वाचतो. तो गुण देतो. ‘मला हे पटले नाही, कारण…’ असे कधीच म्हणत नाही. त्यामुळे आपल्या वाक्याला कोणी हरकत घेऊ शकतो ही कल्पनाच मुलाला शिवत नाही. देकार्तशी त्याचे भांडण नसते आणि देकार्तच्या वतीने भांडायला त्याच्यासमोर कोणी नसते.

मग तिसऱ्या वर्षाला कोणीतरी सांगते, एखादा पेपर छापून आण, नॅकला लागतो. लगेच व्हॉट्सअॅपवर एक पत्रक येऊन थडकते. एकदिवसीय, आंतरराष्ट्रीय, आंतरविद्याशाखीय परिषद. विषयांच्या यादीत शेतीपासून संतसाहित्यापर्यंत सगळे, आणि शेवटी ‘इतर संबंधित विषय’. नोंदणीशुल्क इतके, सहलेखकाचे इतके, प्रमाणपत्र ई-मेलने. लेखाची स्वीकृती चोवीस तासांत कळते आणि ती नेहमी होकारार्थी असते. आयएसएसएन क्रमांक ठळक छापलेला असतो. तो केवळ नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे, हे मुलाला कोणी सांगितलेले नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने दर्जा राखण्यासाठी केअर नावाची यादी केली होती; फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. यादी होती तेव्हा तिच्यात शिरण्याच्या वाटा निघाल्या होत्या, आता यादीच नाही. मुलगा पैसे भरतो, लेख छापून येतो, आणि तो जगात कोणीही वाचत नाही. उत्तरपत्रिका निदान एकाने तरी वाचली होती.

राज्यपालांच्या पुढाकाराने 2006 पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा होते. तिथली गत वेगळी आहे आणि पुष्कळ बरी आहे. पदवीच्या मुलांचा त्यात स्वतंत्र गट असतो, मानव्यविद्यांसाठी विभाग असतो, परीक्षक समोर उभे राहून प्रश्न विचारतात. अडचण साच्याची आहे. स्पर्धेची घडण विज्ञानाच्या प्रयोगाला धरून झालेली. भित्तिपत्रकावर उद्दिष्टे, गृहीतक, नमुना निवड, विश्लेषण आणि निष्कर्ष यांचे रकाने अपेक्षित असतात. इच्छास्वातंत्र्यावर लिहू पाहणारा मुलगा मग गूगल फॉर्म पाठवतो : तुम्हाला इच्छास्वातंत्र्य आहे असे वाटते का? हो, नाही, सांगता येत नाही. पत्रकावर तीन रंगांचे वर्तुळ येते आणि निळा भाग मोठा निघाल्यामुळे माणूस स्वतंत्र ठरतो. (लोकांना काय वाटते हे पद्धतशीर तपासून त्यावर विचार करणारी तत्त्वज्ञानाची एक शाखा आता आहे. पण ती मंडळी वर्तुळाला निष्कर्ष समजत नाहीत.) रकाने भरायचे असतात म्हणून त्याने वर्तुळ काढले. युक्तिवादासाठी रकाना असता तर बिचाऱ्याने युक्तिवाद केला असता.

पदवीच्या वयात कोणी काय लिहिले, याचे दाखले द्यायला लागलो की आपण लगेच असामान्यांकडे धावतो. फ्रँक रॅमझी 18 वर्षांचे असताना, केंब्रिजमध्ये पदवीचे शिक्षण चालू असतानाच, केन्स यांच्या संभाव्यतेवरच्या ग्रंथाची त्यांनी चिरफाड केली, आणि पुढे केन्सनी त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्यही केले. सॉल क्रिप्की यांचा प्रकारवाची तर्कशास्त्रावरचा शोधनिबंध 1959 मध्ये छापून आला तेव्हा तेही अठराचेच होते. हे दाखले खरे आहेत आणि वर्गात अगदी निरुपयोगी आहेत. ऐकणारी मुलगी मनात म्हणते, मी काही रॅमझी नाही, आणि वही मिटते.

मला त्यापेक्षा एक जवळचा दाखला जास्त उपयोगी वाटतो. तो पदव्युत्तर वर्गातला आहे, आणि विषयाने मानववंशशास्त्रातला, तरी देतो. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या मे महिन्यात तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. आज आपण तो मोठ्या ग्रंथकाराची पहिली कृती म्हणून वाचतो. एका विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला निबंध म्हणून तो वाचून पाहावा. जातीच्या चार व्याख्या ते पुढ्यात घेतात : सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर. पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेल्या केतकरांनी कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना जातिसंस्थेवरचे आपले पुस्तक 1909 मध्ये प्रसिद्ध केले होते. म्हणजे अमेरिकेत शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याच्या छापील मताला दुसरा मराठी विद्यार्थी तिथेच काही वर्षांनी उत्तर देत होता.

उत्तर कसे दिले ते पाहण्यासारखे आहे. केतकरांची व्याख्या चौघांत सरस का, हे आंबेडकर आधी सांगतात : जात एकटी, सुटी घेऊन चालत नाही, ती जातींच्या व्यवस्थेतच समजते, हे केतकरांनी ओळखले होते. मग हरकत. केतकरांनी जातीची दोन लक्षणे दिली होती : जातीबाहेर विवाहाला बंदी, आणि जातीत जन्मलेल्यांनाच सभासदत्व. आंबेडकर दाखवतात की ही दोन लक्षणे नाहीतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्नाला बंदी घातली की बाहेरच्याच्या पोटी जन्मलेला आत येणारच कसा? मग उरते एकच लक्षण, आणि पुढचा सगळा निबंध त्यावर उभा राहतो. शेवटी ते असेही म्हणतात की आपला सिद्धांत टिकत नाही असे कोणी दाखवून दिले तर तो सोडायची आपली तयारी आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या बळकट रूपात मांडायचे, त्यातले नेमके जिथे हलते तिथे बोट ठेवायचे, आणि स्वतःचे म्हणणे तपासायला खुले ठेवायचे. तत्त्वज्ञानाच्या निबंधाकडून मी तरी याहून जास्त काही मागत नाही.

असे लेखन छापायला जागा लागते, आणि ती आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. अमळनेरला प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञानाची संस्था उभारली. तिथून निघणाऱ्या इंग्रजी त्रैमासिकाचा वारसा 1973 पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टरली’ने चालवला, आणि त्याला विद्यार्थ्यांच्या लेखनाची पुरवणीही जोडली जात असे. त्याच विभागातून मराठीत ‘परामर्श’ निघाले. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेल्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड 1974 मध्ये आले; त्यामुळे तत्त्वज्ञान मराठीत लिहिता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून शिळा झाला आहे. परदेशात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच चालणारी नियतकालिके आहेत. अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठातून 2008 पासून निघणाऱ्या ‘स्टान्स’मध्ये लिहिणारेही पदवीचे विद्यार्थी आणि लेखकाचे नाव न कळता लेख तपासणारेही पदवीचेच विद्यार्थी. त्यांचा अंक हाती आला की मी लेखांपेक्षा त्या तपासणीचा विचार करतो. लेख छापून येतात थोडे. पण नाकारलेल्या प्रत्येक लेखालाही एक बरोबरीचा वाचक मिळालेला असतो.

बरोबरीचा वाचक तयार करायचा तर त्याला नियम द्यावे लागतात. ते आम्ही परदेशातून मागवले नाहीत. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते ठरवण्यासाठी केलेला तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी छलाचाही आधार घेऊन केलेला तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा फक्त पाडायचा, ती वितंडा. चर्चेत माणूस हरला असे कुठे कुठे धरायचे, त्याची बावीस निग्रहस्थानेही तिथे आहेत. मुलांना ही यादी परीक्षेसाठी पाठ असते. ती नियमावली म्हणून वापरून पाहू, असे सुचवले तेव्हा वर्गात हशा पिकला, कारण प्रत्येक निग्रहस्थानाला ओळखीचा चेहरा होता. काम असल्याची सबब सांगून चर्चेतून उठून जाणे म्हणजे विक्षेप; आमच्याकडे त्याला ‘सर, माझी एसटी आहे’ म्हणतात. उत्तर न सुचणे ती अप्रतिभा. तुझ्यातही तोच दोष आहे असे म्हणता म्हणता स्वतःचा दोष कबूल करून बसणे, ती मतानुज्ञा.

या यादीतले एक निग्रहस्थान आम्ही सक्तीचे केले. प्रतिपक्षाचे म्हणणे सभेला समजले आहे, ते तीनदा सांगून झाले आहे, तरी ज्याला ते परत मांडता येत नाही त्याचे अननुभाषण झाले असे न्यायसूत्रे म्हणतात. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक आक्षेपकाने आधी निबंधाचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहिला, आणि ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे मूळ लेखकाने म्हटल्यावरच आक्षेप लिहायला घेतला. काही जोड्या या पहिल्याच पायरीवर आठवडेच्या आठवडे अडकल्या. लेखकाला स्वतःला काय म्हणायचे आहे ते सारांश वाचल्यावर कळले, असेही झाले.

एक निबंध उदाहरणादाखल घेतो. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने खोटे बोलण्यावर लिहिले होते. पहिल्या खर्ड्याची सुरुवात ‘प्राचीन काळापासून मानव सत्याचा शोध घेत आला आहे’ अशी होती, आणि नंतर चार पाने कांट. दारात आलेल्या मारेकऱ्यालाही खोटे सांगू नये, हे कांटचे 1797 च्या निबंधातले गाजलेले मत, त्यावरचे नेहमीचे आक्षेप, नेहमीची उत्तरे. सगळे बरोबर आणि सगळे कुठे ना कुठे वाचलेले. शेवटच्या पानावर मात्र एक परिच्छेद होता, कंसात घालावा तसा घातलेला. एसटीत आई तेरा वर्षांच्या मुलाचे वय बारा सांगते, कारण बारापर्यंत अर्धे तिकीट. वाहक मुलाकडे बघतो, वय विचारत नाही, ‘कितवीत आहेस रे?’ विचारतो. मुलगा आठवी म्हणतो. वाहक हसतो आणि अर्धे तिकीट फाडतो. मुलीने लिहिले होते : इथे फसवले कोण गेले?

ती चार पाने गेली आणि हा परिच्छेद निबंध झाला. तिचा मुद्दा असा की खोटे बोलणे म्हणजे ऐकणाऱ्याची समजूत चुकीची करून देणे, असे आपण धरून चालतो. पण वाहकाची समजूत चुकलेलीच नाही. त्याला ठाऊक आहे, आईला ठाऊक आहे की त्याला ठाऊक आहे, आणि मुलाने तर इयत्ता खरीच सांगितली. तरीही आई खोटे बोलली, असेच आपण म्हणतो. तेव्हा खोटेपणा आणि फसवणूक वेगवेगळ्या केल्या पाहिजेत. कोणीच फसत नाही अशा उघड्या खोट्याला खोटे म्हणायचे की नाही, यावर इंग्रजीत गेली काही वर्षे खडाजंगी चालू आहे. त्यातले तिने एक अक्षर वाचलेले नव्हते. आधीच कोणी म्हटले आहे म्हणून तिचे म्हणणे रद्द होत नाही. फक्त आता ते वाचून आपले वेगळे काय, हे तिला सांगावे लागले.

आक्षेपक दुसऱ्या गावचा, वडील एसटीतच वाहक. त्याने सारांश नीट लिहिला आणि मग विचारले : आई बोलली कुणाशी? वाहक हा एक माणूस आहे, आणि त्या क्षणी तो महामंडळही आहे. माणसाला सगळे ठाऊक आहे. महामंडळाला जे कळते ते तिकिटातून, आणि तिकीट सांगते की एक बालक बसले. फसले ते महामंडळ, आणि त्यात वाहक सामील आहे. तपासणीस आला तर मेमो वाहकालाच मिळतो, हेही त्याने घरच्या माहितीने जोडले.

मुलीने उत्तराला वेळ घेतला. तिने आक्षेप अर्धा मान्य केला. संस्थेला समजूत असते का, आणि असलीच तर ती वाहकाच्या समजुतीहून वेगळी कशी, असा उलटा प्रश्न तिने टाकला. शिवाय मार्च 2023 पासून आईचेच तिकीट अर्धे आहे आणि ते कायदेशीर आहे. तेव्हा महामंडळाचा तोटा झाला म्हणून खोटे वाईट, हा आधार घेता येणार नाही, हेही तिने दाखवले. वादाचा निकाल लागलेला नाही. मला आक्षेपकाचे पारडे जड वाटते. ती दोघे अजून भांडतात असे कानावर आहे.

पहिल्या खर्ड्याबद्दल एक सांगायला हवे. आता प्राचीन काळापासून सुरू होणारी चार पाने यंत्राकडूनही मिळतात, आणि शुद्धलेखनाच्या चुका नसल्यामुळे ती जास्त गोजिरी दिसतात. असे काही निबंध आमच्याकडेही आले. ते आम्ही कुठल्या सॉफ्टवेअरने पकडले नाहीत. आक्षेपक सारांश लिहायला बसला की त्याच्या हाती काही लागत नसे. दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत आणि समतोल हवा, एवढेच उरे. लेखकाला विचारावे तर त्यालाही आठवत नसे. अशा निबंधावर भांडण होत नाही, म्हणून ते इथे नाहीत.

छापण्याइतकेच वाचून दाखवण्याचेही महत्त्व आहे, आणि त्याचे आपल्याकडे हाल आहेत. परिषदेत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगते यांत दुपार होते. मग विद्यार्थ्यांना समांतर सत्रात बसवून प्रत्येकी पाच मिनिटे देतात. मुलगा मान खाली घालून दहा पाने पाच मिनिटांत वाचतो, आणि वेळेअभावी प्रश्न जेवणाच्या वेळी विचारावेत अशी सूचना होते. जेवताना कोणी इच्छास्वातंत्र्यावर बोलत नाही. केंब्रिजच्या मॉरल सायन्सेस क्लबने 1912 च्या नोव्हेंबरात ठरवले की खास परवानगीवाचून कोणताही निबंध सात मिनिटांहून लांबू नये, कारण सभा भरते ती चर्चेसाठी. त्याच महिन्यात विटगेन्श्टाइनने ‘तत्त्वज्ञान म्हणजे काय?’ या विषयावर जेमतेम चार मिनिटांचा निबंध वाचला, आणि आधीचा विक्रम जवळजवळ दोन मिनिटांनी मोडल्याची नोंद इतिवृत्तात झाली. पाच मिनिटे कमी नाहीत. पाच मिनिटांनंतरची पंचवीस मिनिटे कुठे आहेत, हा प्रश्न आहे. या संग्रहातले निबंध पुस्तकात येण्याआधी आम्ही वाचून दाखवायला लावले ते याच हिशेबाने : सात मिनिटे वाचन, अर्धा तास हरकती, आणि शाल कुणालाही नाही.

नव्या धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांना शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प घेता येतो. तत्त्वज्ञानाचे असे प्रकल्प आता आपल्याही महाविद्यालयांत होऊ लागतील. प्रबंधाची पाने किती, समासातली जागा किती, बांधणी कुठल्या रंगाची, याची परिपत्रके येतीलच. टक्क्यांची अट मला खटकते. इथे छापलेल्यांपैकी काही जणांना ती कधीच ओलांडता आली नसती, आणि त्यांत वाहकाच्या मुलाचाही समावेश आहे.

निबंध विषयवार लावलेले नाहीत. ज्यांची भाषा खडबडीत आहे ती आम्ही मुद्दाम फार घासली नाही. युक्तिवाद हलला असता. तीन निबंधांच्या निष्कर्षांशी मी पूर्ण असहमत आहे, एका निबंधाचा विषयच मला समजला नव्हता, आणि तो कळला तो त्यावरच्या आक्षेपामुळे. एका लेखकाने आक्षेपाला उत्तर नाही असे लिहून दिले आहे. त्याच्या निबंधाखाली तेवढेच छापले आहे. वाचकाच्या मनात उत्तर असेल तर त्याने ते लेखकाकडे पाठवावे. पाठवण्याआधी सारांश लिहावा लागेल.